बेअरटूथवरची बर्फाची भिंत

डेल्फा निएमीने स्वयंपाकघरातल्या टेबलावर चार महिन्यांची कॅलेंडरं पसरली होती. बावीस दिवस, दोन मोटारसायकली. रेड लॉज ह्या आपल्या गावाहून निघायचं, बेअरटूथचा घाट चढायचा, मग थेट कॅनडातल्या जॅस्परपर्यंत जाऊन परत. तीस वर्षं तिने ह्याच डोंगराच्या पायथ्याशी शाळेची बस चालवली होती. इथल्या हवेचा तिला भरवसा नव्हता, पण अंदाज पक्का होता. मेअखेरीस घाट उघडतो. जूनमध्ये माथ्यावर कधीही बर्फ पडतो. जुलैत दुपार कलली की विजा. म्हणून जुलैचा दुसरा आठवडा, आणि प्रत्येक खिंड दुपारच्या जेवणाच्या आत पार करायची.

"जुलैत अख्खी अमेरिका तिथे तंबू ठोकून बसते," धाकटा भाऊ अर्विड कुरकुरला. "सहा जूनला निघू. की बस चालवून चालवून भित्री झालीस?"

"रुतलास तर ओढायला येणार नाही हं मी."

शेवटी ठरलं, वर जाऊन बर्फ बघायचा आणि मगच तारीख लिहायची. टोइव्हो कांगास वर्षानुवर्षं घाटातला बर्फ कापायच्या यंत्रावर होता. मे महिन्याच्या एका निरभ्र सकाळी त्याने दोघांना आपल्या गाडीतून वर नेलं.

माथ्याजवळ कालच रस्ता कापला होता. दोन्ही बाजूंना वीस फुटांच्या भिंती, वर निळ्या आभाळाची पट्टी. टोइव्होने गाडी बंद केली.

"डावीकडच्या भिंतीजवळ रेंगाळू नका."

"का? ढासळते?"

"नाही," एवढंच म्हणून टोइव्हो हातमोजे चढवत बसला.

अर्विड काठी घेऊन नेमका डावीकडेच गेला. आधी वास आला. तापलेल्या तेलाचा. डेल्फाने मागे वळून गाडीकडे पाहिलं. वारा मात्र इकडून गाडीकडे वाहत होता.

मग आवाज. धक, धक, धक. उभ्या मोटारसायकलचं इंजिन, दूर कुठेतरी, पण भिंतीच्या आत. भिंतीपलीकडे रस्ता नव्हता. नुसता बर्फाने भरलेला उतार होता.

"टोइव्हो, म्हाताऱ्या, आत काय पुरलंयस?" अर्विड हसला. हसू अर्धवटच राहिलं.

भिंतीत छातीच्या उंचीवर उजेड दिसत होता. पिवळसर, वाटोळा. तो हळूहळू पुढे सरकत त्यांच्यासमोर येऊन थांबला.

"दरवर्षी इथेच," टोइव्हो खालच्या आवाजात म्हणाला. "आम्ही ह्याबद्दल कुणाशी बोलत नाही. चला आता."

अर्विडने काठीने भिंतीवर ठोकलं.

इंजिन बंद पडलं. उजेड विझला.

"अर्विड, मागे हो!"

त्याला हलताच येईना. त्याच्या तोंडासमोरचा बर्फ ओला झाला होता. एक ठिपका, मग पाच. बोटं. मग अख्ख्या तळव्याचा ठसा, आतून वितळत वितळत बाहेर उमटलेला. त्यातून पाण्याची धार लागली. डेल्फाने भावाची कॉलर धरून खेचलं तेव्हा ती धार तिच्या मनगटावर पडली.

पाणी कोमट होतं.

घरी आल्यावर अर्विडने कॅलेंडरं गुंडाळून ठेवली. डेल्फाने त्याला अडवलं नाही. सहा जून आला आणि गेला.

जुलैच्या पहिल्या आठवड्यात टोइव्होचा फोन आला.

"भिंत वितळली. यंदा बघूनच आलो."

"काय होतं आत?"

"काही नाही. गवतावर एका मोटारसायकलच्या चाकांचा माग आहे. तो रस्त्यावर येतो."

"आणि?"



"डांबरावर अजून ओला चिखल आहे, डेल्फा. खाली, गावाकडे उतरत गेलेला."