कुंपणातली आमरी

"बाबा मला न सांगता निघून गेले, असं सगळे म्हणतात. मला फक्त खरं काय ते हवंय," मुलगी म्हणाली आणि तिने गोळ्यांची पट्टी पुढे केली. "सहा दिवसांच्या तशाच आहेत."

मावशीने पट्टी सोबत आलेल्या आपल्या भाच्याकडे दिली. भाचा औषधविक्रेता. मावशीच्या शोधकामात गाडी चालवणं आणि चुकीचे अंदाज बांधणं ही त्याची दोन कामं. पण पट्टी पाहताच त्याला वाटलं, माणूस जिवंत नसणार. हृदयाच्या गोळ्या मागे टाकून कोणी गावाला जात नाही.

वडील वनस्पतिशास्त्राचे निवृत्त प्राध्यापक. घरामागे वाळूच्या टेकड्या आणि त्यांच्यामध्ये कुंपण घातलेला एक तुकडा. तिथे बोटभर उंचीची रानटी आमरी उगवते. बाकीची ऑर्किडं झाडांवर मिरवतात, ही कोरड्या वाळूत कंद लपवून बसते.

"पोलिसांनी विहीर उपसली, टेकड्या पालथ्या घातल्या," मुलगी म्हणाली. "कुंपणात मात्र मी पाऊल टाकू दिलं नाही. एक रोप मेलं तरी बाबांना सहन होत नाही. आणि फुलं तर जागच्या जागी होती."

मावशी कुंपणापाशी बराच वेळ उकिडवी बसली. बहुतेक सगळ्या फुलांची तोंडं पूर्वेला. मधल्या पंधरा-वीस रोपांची मात्र दहा दिशांना, पानं पिवळी, आणि प्रत्येकाभोवती वाळूत उथळ, गोल खळगा.

"वाऱ्याने झालं असेल," भाचा म्हणाला.

"वारा एवढा टापटिपीचा नसतो रे."

तेवढ्यात मुलीचे काका आले. "जमीन विक म्हणून मी त्याच्या मागे लागलो होतो, हे खरं. पण म्हणून मारीन का?"

"मारलं असं कोण म्हणालं?" मावशीने विचारलं.

काकांचा चेहरा पडला. "या गवतापायी घर बुडवलं त्याने," असं पुटपुटत त्यांनी एका काटेरी झुडपाला लाथ मारली. आमरी त्याच्या पलीकडे होती.

कुंपणाच्या राखणदाराचा उजवा हात महिनाभरापासून प्लास्टरमध्ये होता. "कोणीतरी कंद चोरतंय, असं सरांना वाटायचं," त्याने सांगितलं. "मला म्हणाले, मीच पकडतो."

शेजारचा नर्सरीवाला बोलताना डोळे पुसत होता, पण हात थांबत नव्हते. रोप कुंडीत ठेवायचं, माती दाबायची, भोवती बोट फिरवून आळं करायचं, झारीने पाणी घालायचं. "सर माझे गुरू होते हो," तो म्हणाला. भाच्याला माणूस आवडला.

"काकाच," गाडीत बसताना तो म्हणाला. "मारल्याचं त्यांच्याच तोंडून निघालं."

"पट्टी पाहून तुझ्याही मनात तेच आलं होतं. तुला धरू का?"

दुसऱ्या दिवशी सकाळी मावशीने फौजदारासह सगळ्यांना कुंपणापाशी बोलावलं.

"उगवल्या जागी असलेलं फूल उजेडाकडे तोंड करतं," मावशी म्हणाली. "ही मधली रोपं काढून पुन्हा लावली आहेत. म्हणजे खाली खणलंय. फुलं उभी दिसली की तिथे कोणी खणणार नाही, हे कोणीतरी ओळखलं. काकांना आमरी ओळखता येत नाही, काल त्यांनी झुडपालाच आमरी समजून लाथ मारली. राखणदाराला खणता येत नाही. तिसऱ्याला दोन्ही येतं, पण हाताची सवय सुटत नाही. त्याने प्रत्येक रोपाला आळं केलं आणि पाणी घातलं. सर या आमरीला पाणी घालत नसत."

"पाण्याशिवाय लावलेलं रोप जगतं का?" नर्सरीवाला बोलून गेला.

"पाण्यानेच तिचा कंद कुजतो. म्हणून चोरून नेलेली तुमच्याकडे मरत होती आणि तुम्ही पुन्हा पुन्हा येत होता. त्या दिवशी सरांनी पकडलं."

नर्सरीवाला मटकन वाळूत बसला. फौजदाराने त्याच्या खांद्यावर हात ठेवला.

मुलगी मावशीकडे पाहत होती. "सहा दिवस मी इथे उभी राहून सगळ्यांना अडवलं. म्हणजे बाबांपर्यंत मीच कोणाला पोचू दिलं नाही."

मावशीने मुलीचा हात धरला.

मुलीने तो हळूच सोडवला आणि फाटकाची कडी काढली. "खणा," ती फौजदाराला म्हणाली. "रोपांचा विचार करू नका."