चार ओळींची करामत

“माऊसची वायरच काढून पाहू,” कहकशां म्हणाली आणि समीक्षा दोन पावलं मागे सरकली.

कळंबच्या त्या वाचनालयातला संगणक तीन दिवसांपासून पिसाळला होता. दर मिनिटाला पडद्यावरचा बाण हातातून निसटायचा आणि कोपऱ्यात पळायचा, कधी या, कधी त्या! वाचनालय सांभाळणारे बबनराव येईल त्याला सांगत सुटले होते, की रहमतनं जुनाच माऊस नवा म्हणून लावला. रहमत मेकॅनिक म्हणजे कहकशांचे अब्बा. बाजारातली निम्मी यंत्रं त्यांच्या हाताखालून गेलेली, पण कालपासून दुकानाकडे कुणी फिरकलं नव्हतं. म्हणून कहकशांनं सुट्टीतली टोळी कामाला लावली होती: ती, रजत आणि समीक्षा.

आता खरं सांगायचं, तर चोर टोळीतच होता! दुपारी बबनराव घोरत असताना पाच मिनिटं संगणकाला कुणी हात लावला नाही, की पडदा बंद पडे आणि पासवर्ड मागे. तो फक्त बबनरावांनाच ठाऊक, आणि त्यांना उठवावं, तर बोलणी खावी लागत. म्हणून समीक्षानं चार ओळींचा प्रोग्राम लिहिला. तो दर मिनिटाला बाण हलवायचा, म्हणजे संगणकाला वाटे कुणीतरी काम करतंय. संगणक सुरू होताच तोही आपोआप सुरू होईल अशी सोय केलेली. केवढा तोरा होता बाईसाहेबांचा! रहमतचाचांवर आळ आला तेव्हा मात्र दातखीळ बसली. खरं सांगितलं, तर पुन्हा कुणी संगणकाला हात लावू देणार नाही, ही धास्ती. तीन दिवस तिला अन्न गोड लागलं नाही.

रजतनं वायर उपटली. बाण तरीही पळाला! कहकशांनं घड्याळ लावलं, तर बरोबर साठ सेकंद. तिनं अब्बांना बोलावून आणलं आणि बबनरावांसमोर काढलेल्या वायरीचा खेळ पुन्हा करून दाखवला. “आता सांगा काका, माह्या अब्बाचा माऊस खराब हाये काय?”

बबनरावांनी डोकं खाजवलं. व्हायरस असेल म्हणाले. समीक्षा पुढे झाली आणि तिनं अर्ध्या मिनिटात प्रोग्राम पुसला. बबनरावांनी तिची पाठ थोपटली. रहमतचाचांनी तर डोक्यावर हात ठेवला.

“पोरी, तुनं माही इज्जत वाचवली.”

थप्पड परवडली असती. समीक्षाला रडूच फुटलं. “चाचा, तो प्रोग्राम मीच टाकलता.”

कशासाठी टाकला तेही तिनं सांगितलं. झोपेचा विषय निघताच बबनरावांची मान खाली गेली. कहकशां तिच्याकडे बघेना, आणि तेच जास्त लागलं.

समीक्षा उठली आणि बाजारात निघाली. चहावाल्या सुखीबाईपासून प्रत्येक दुकानात तिनं आपल्या तोंडानं सांगितलं, की चूक माझी, चाचांची नाही. मागून चपला ओढत बबनराव आले. न पाहता आपण बोललो, हे त्यांनीही कबूल केलं. शेवटच्या दुकानाशी कहकशां येऊन उभी राहिली. “मले तरी सांगाचं होतं,” ती म्हणाली. अजून रागातच होती.

रहमतचाचा दुकान उघडत होते. समीक्षा समोर जाऊन उभी राहिली.

“खरं बोलायले छाती लागते, पोरी,” ते म्हणाले. “तुह्यातबी हाये. फक्त तीन दिवस उशिरा निघाली.”