कर्नलसाहेबांची शेवटची थाप

आगबोटीतून उतरणाऱ्या तरुणाची बॅग थर्झाच्या गुडघ्यावर आपटली, आणि माफी मागायची सोडून त्यानं विचारलं, “कर्नलसाहेब कुठे राहतात हो?”

थर्झानं शाईनं माखलेले हात पाठीमागे लपवले. अमेरिकेच्या पूर्वेकडचे विद्वान विलायती पुस्तकांसारखं लिहायला धडपडत असताना मिसिसिपी नदीकाठची साप्ताहिकं एकमेकांच्या थापा उचलून, फुगवून छापत. वडिलांच्या छापखान्यात अक्षरांचे खिळे जुळवणारी थर्झा त्यांच्या साप्ताहिकात ‘कर्नल’ या नावानं लोणकढ्या थापा ठोकायची.

“आपण?”

“ऑरिन. वरच्या गावच्या साप्ताहिकात लिहितो. माझ्या डासानं वासरू पळवलं होतं...”

“आणि कर्नलचा डास गळ्यातली घंटा न्यायला परत आला!”

“त्या घंटेवर जीव जडलाय माझा! भेटवा ना. बोट तासाभरात सुटेल.”

“कर्नलना दाढी आहे.”

“चालेल.”

“तीन नातवंडं आहेत.”

“सांभाळीन.”

हा माणूस तासाभरात जाणार, या विचारानं थर्झाला उगाचच राग आला. तिनं त्याला तडक छापखान्यात नेलं. समोर कागद नाही, काही नाही, आणि तिची बोटं सरासर खिळे उचलू लागली... डासानं घंटा चर्चला दान केली. ऑरिन जुळलेल्या ओळी उलट्या वाचत गेला, मग तिच्या नाकावरच्या शाईकडे बघत राहिला.

“दाढी कुठाय?”

“आजच काढली.”

तेवढ्यात बोटीची शिटी झाली. नदीकाठचा नियम एकच – थाप मारताना जो आधी हसेल, तो हरला.

“मला तुझी मुळीच आठवण येणार नाही,” ऑरिन गंभीरपणे म्हणाला.

“मलाही नाही. जा तू.” तिचा चेहरा दगडासारखा होता... फक्त हातातला खिळा थरथरत होता.

त्यानं तो खिळा पाहिला, आणि फस्सकन हसला.

“हरलास!”

“हरलो. मग आता राहू?”

“बॅग?”

बॅग धक्क्यावरच विसरली होती. खलाशानं ती इमानेइतबारे पुन्हा बोटीवर चढवली होती.

पुढच्या शुक्रवारी कर्नलनं छापलं: ‘एक बॅग एकटीच सेंट लुइसला उतरली. तिला तिथे नोकरी लागली आहे. मालक रविवारी आमच्याशी लग्न करत आहे.’

नवी थाप म्हणून गाव पोट धरून हसलं. रविवारी चर्चमध्ये कुणी फिरकलंच नाही. आले फक्त वडील आणि पाद्री. त्यातला पाद्रीही शपथा संपेपर्यंत दोघांपैकी आधी कोण हसतंय, तेच बघत होता.