भर दुपारी पेटलेली केरसुणी

मोकळ्या हवेत धरलेली केरसुणी भर दुपारी, काडी न लावता पेटली, असं सांगितलं तर तुम्ही म्हणाल, म्हातारा पुन्हा सुरू झाला. पण ती माझ्याच हातात होती.

साल २०६१. कोकण किनाऱ्यापासून दूर एका खडकावर हायड्रोजनचं केंद्र होतं. माणसं दोनच, मी आणि माझी दहा वर्षांची नात सुनयना. बेट इतकं एकाकी, की हाक मारली तर प्रतिध्वनी दुसऱ्या दिवशी यायचा. सुनयनाची आई, म्हणजे माझी लेक कल्याणी, पंधरवड्यातून एकदा नोकरीवरची बोट घेऊन यायची; टाकी भरली की तिला निघावंच लागे. बोटीची टाकी भरायला चाळीस मिनिटं लागत. आई भेटायची तेवढीच.

एवढा वायू जातो कुठे, असं सुनयनाने एकदा विचारलं होतं. मी सांगितलं, उन्हाच्या विजेने आपण पाणी फोडतो (याला विद्युत अपघटन म्हणतात), त्यातून हायड्रोजन आणि ऑक्सिजन वेगळे होतात. हायड्रोजनपासून खतासाठी अमोनिया बनतो, तेलाचं वनस्पती तूप होतं, खनिज तेलातलं गंधक निघतं. आता पोलादाच्या भट्ट्यांतही कोळशाऐवजी तोच.

"एवढं सगळं करतो, मग आईला रोज का नाही आणत?"

मी तिला भिंतीवरच्या दिनदर्शिकेत बोटीचा पुढचा दिवस दाखवला.

त्या दिवशी बोट धक्क्याला लागली तेव्हा मी केंद्रापासून धक्क्यापर्यंत गेलेल्या वायूच्या नळाच्या वरच्या टोकाला होतो, केरसुणी पुढे धरून चालत. हायड्रोजनला वास नाही, त्याची ज्योत उन्हात दिसत नाही आणि धगही फारशी लांब येत नाही. गळती ओळखणारं यंत्र खाऱ्या वाऱ्याने बिघडलेलं. म्हणून ही जुन्या कामगारांची रीत: वाटेत ज्योत असेल, तर माणसाआधी केरसुणी पेटते.

कल्याणी नळाच्या कडेच्या पायवाटेने झपाझप वर निघाली. सुनयना तिच्याकडे धावली आणि मधेच थिजली.

"आई, थांब तिथेच. त्या जोडाशी सकाळपासून फुसफुसतंय. मी आजोबांना सांगितलं नाही. टाकी हळू भरली असती, तर तू जास्त राहिली असतीस."

मी पुढे होऊन जोडापाशी केरसुणी नेली. रिकाम्या हवेत ती भसकन पेटली. कुठल्याशा ठिणगीने गळता वायू कधीच पेट घेऊन बसला होता, कल्याणीपासून चार पावलांवर.

मी झडप बंद केली. ज्योत विझली ते केरसुणीच्या दुसऱ्या टोकाने चाचपूनच कळलं.

कल्याणीने लेकीला जवळ ओढलं. "माझ्यासाठी मलाच भाजणार होतीस होय गं?" सुनयना हुंदके देत राहिली.

मोठा नळ बंद, त्यामुळे बारक्या नळीने टाकी भरायला चार तास लागले. तेवढ्यात कल्याणीने तिला बोटीतला इंधनघट (हायड्रोजन आणि ऑक्सिजनच्या संयोगातून वीज देणारी पेटी) दाखवला. त्यातून ठिबकणारं पाणी सुनयनाच्या तळहातावर पडलं.

"फोडलेलं पाणी पुन्हा जुळलं," कल्याणी म्हणाली. "पुढच्या वर्षी किनाऱ्यावरही असं केंद्र होतंय. मग तिकडे टाकी भरून सुट्टीच्या दिवशी येईन, दिवसभरासाठी."

संध्याकाळी बोट निघाली. जुन्या बोटींचा धूर तरी तासभर दिसायचा. हिला धूरच नाही, त्यामुळे ती लगेच दिसेनाशी झाली. सुनयनाचा हात मात्र तासभर हलत होता.