आलोच

मी वाळू. नाशिकजवळच्या देवळाली कॅम्पात माझी भेळेची गाडी आहे.

कॅम्पात कुणालाही विचारा, वाळूच्या तोंडून खरं निघत नाही म्हणतील. लोकांच्या फिरक्या घेण्यातच माझी पन्नाशी आली.

पण हे खरं आहे. सख्ख्या भावाची शपथ घेऊन सांगितलं असतं...

तारीख १८ नोव्हेंबर २०२३. दिवाळीनंतरचा शनिवार. दापोलीकडचं खाडीकाठचं एक गाव. नाव सांगणार नाही, माझी भावजय अजून तिथंच राहते.

धाकटा भाऊ सोमनाथ एकलहऱ्याला वेल्डिंगचं काम करायचा. त्याची पोरगी निकिता नऊ वर्षांची, तिला दम लागायचा. डॉक्टर म्हणाले, समुद्राकाठी राहून बघा. सोमाने त्या जूनमध्ये बिऱ्हाड हलवलं.

मी तेव्हाही सोडलं नाही त्याला. "अरे, घरात एक वाळू होता तो कमी पडला का? किनाऱ्यावर कशाला चाललास?"

आता माझी कला सांगतो. मला आवाज काढता येतात. सोमाचा तर असा, की त्याची बायको उज्वलासुद्धा फसायची. एकदा फोनवर सोमा बनून सांगितलं, "दहा पाहुणे आणतोय, मटण टाक." बिचारीने टाकलं. खाल्लं मीच.

तर त्या दिवाळीत मी आठ दिवस त्यांच्याकडं गेलो. निकिता गुटगुटीत झालेली. दम गायब. सोमा खूश. घराच्या मागच्या दारातून थेट खाडी. ओहोटीला नुसता काळा चिखल.

एकच गोष्ट चमत्कारिक. दिवेलागणीला तिथं कोणी कोणाला हाक मारत नाही.

बायका दारात उभ्या राहून थाळ्या वाजवतात. प्रत्येक घराची थाळी वेगळी वाजते. ती ऐकून माणसं घरी येतात. पोरं मिस्ड कॉल देतात. पण तोंडाने हाक... नाही.

मला लय हसू आलं.

शनिवारी आम्ही चहा पीत होतो. थाळ्या वाजून थांबल्या.

मग कावळे थांबले.

मग वाराही...

आणि खाडीकडून हाक आली.

"सोमनाऽऽथ..."

साधा आवाज. शेजारी माणूस बोलवतो तसा.

मी म्हणालो, "अरे, बोलवतंय कोणीतरी."

सोमाने कप खाली ठेवला. "दादा, गप बस. अधूनमधून येते, कोणाच्याही नावाने. ओ द्यायची नाही."

"कोण आहे?"

"माहीत नाही. कोणालाच माहीत नाही."

"च्यायला, नाशिकचा ना तू? पाच महिन्यांत पार बावळट झाला!"

"सोमनाऽऽथ..."

आता आमच्या कॅम्पातली सवय सांगतो. कोणी हाक मारली, की आपण बसल्या जागेवरून ओरडायचं, आलोच! आणि जायचं नाही. सगळे तेच करतात.

मी मागच्या दारात गेलो. गळा साफ केला. आणि सोमाच्या आवाजात... अगदी हुबेहूब...

"आलोच!"

हाक बंद झाली.

मी हसत वळलो. कोणीच हसत नव्हतं. निकिता आईला चिकटून उभी होती.

दोन मिनिटांत शेजारची दीपमाला पळत आली. मच्छी विकते ती. हातात थाळी तशीच.

"ओ कोणी दिली?"

"मी दिली, ताई. गंमत केली."

"आवाज कोणाचा काढलात?"

मी सोमाकडं बोट दाखवलं.

तिने मला शिवी दिली असती तर बरं वाटलं असतं. ती फक्त सोमाकडं बघत राहिली... मयताकडं बघतात तशी.

दुसऱ्या दिवशी तीच वेळ. थाळ्या वाजल्या. हाक आलीच नाही.

मी म्हणालो, "बघ, गेली पळून!"

सोमा खारी चहात बुडवत होता. अर्धी खारी तशीच ठेवली. उठला. चपला घातल्या.

उज्वला म्हणाली, "अहो, कुठं?"

"आलोच."

तो सोमाचा आवाज नव्हता. मी काढतो ना सोमाचा आवाज... तो होता.

मी मागं धावलो. चिखलाच्या कडेला चपला जोडून ठेवलेल्या. पुढं पावलं. मोजून अकरा.

बाराव्या पावलाला चिखल कोरा.

पाणी अजून शंभर फूट लांब होतं.

पोलीस आले, होड्या फिरल्या. आठवडा शोधलं. काहीच नाही.

उज्वलाला चार वेळा आणायला गेलो. येत नाही. म्हणते, "भाऊजी, ते आलोच म्हणून गेलेत." रोज थाळी वाजवते. आवाज मी काढला होता, हे तिलाही माहितीये. एकदाही बोलून दाखवलं नाही.

दोन वर्षं झाली. मी नकला सोडल्या. कोणी हाक मारली तर ओ देत नाही. गिऱ्हाईकं बहिरा समजतात.

गेल्या महिन्यात निकिताचा फोन आला. "मोठे पप्पा, हाक परत येते. पप्पांच्या आवाजात."

"काय म्हणते?"

"वाळूऽऽ दादा."

मी म्हणालो, "मारू दे. मी इथं नाशकात. इथून कोण ओ देतंय?"

काल संध्याकाळी गाडी लावली नव्हती. घरीच होतो, तोंडात चहाचा घोट. स्वयंपाकघरातून बायको, सविता, म्हणाली, "अहो, कोणाला आलोच म्हणताय?"

घोट तसाच राहिला.

मी बोललोच नव्हतो.

लगेच फोन वाजला. निकिता. रडत होती. "मोठे पप्पा, तुम्ही ओ का दिली?"

हे मी आज लिहितोय. साडेचार वाजलेत. सविताने माझ्या चपला कपाटात घालून कुलूप लावलंय, चावी कमरेला. मी हसलो तिला. म्हटलं, अनवाणी जाता येत नाही का?

ती नाही हसली.

दिवेलागण सहाला होते.

कोणी येणार असाल तर बेल वाजवा. हाक मारू नका... आणि आतून माझा आवाज आला, तर दारात थांबू नका.