उलटी गाठ

दार लोटून घ्या, आणि मध्येच हसायचं नाही. हा माणूस माझ्या ओळखीचा होता.

मैल्याच्या टाक्या साफ करायचा. सगळे त्याला पाळक, म्हणजे चर्चचा पाद्री, म्हणायचे, कारण कामाचे कपडे चढवताना तो प्रार्थना करायचा. त्याच्या चर्चमध्ये शिकवलेलं, की सैतानापुढे उभं राहायचं तर देवाची शस्त्रसामग्री अंगावर हवी. म्हणून हा एकेक वस्तू घालताना एकेक नाव घ्यायचा. बूट म्हणजे शांती, रबरी कोट म्हणजे नीतिमत्त्व, हातमोजे म्हणजे विश्वास, हेल्मेट म्हणजे तारण. आणि कमरपट्टा म्हणजे सत्य. त्याच पट्ट्याला दोर बांधून खाली उतरायचं.

सतरा ऑक्टोबर, गुरुवार. रात्री पावणेबाराला एका वसतिगृहातून फोन आला, संडास तुंबलेत, घाण जिन्यापर्यंत आली आहे. पाळक ड्रायव्हरला घेऊन निघाला.

दोनच महिन्यांपूर्वी त्याच्या धाकट्या बहिणीचा नवरा अशाच टाकीत गुदमरून मेला होता. मेहुणा डावखुरा, दोराची गाठही उलटी मारायचा. सोडवताना सगळे वैतागायचे. त्या दिवशी मास्क दोन होते, एकाची नळी चिरलेली. चांगला पाळकाने घेतला, चिरलेला मेहुण्याला दिला. मग बहिणीला सांगितलं, "मास्क नको म्हणाला, ऐकलंच नाही त्याने." स्वतः करून सवरून नामानिराळा. मला त्या माणसाची आजही शिसारी येते. त्याला स्वतःचीही येत होती; भाताचा घास घेतला तरी टाकीचाच वास यायचा.

तेव्हापासून पट्टा हातात घेतला की जीभ टाळूला चिकटायची. 'सत्य' तोंडातून निघेना. शब्द नाही तर पट्टाही नाही, असा याचा हिशोब. त्या रात्रीही पट्टा आणि दोर गाडीच्या केबिनमध्येच राहिले. ड्रायव्हर कुरकुरला. टाकी उथळ आहे, असं सांगून पाळकाने त्याला मागे पंपाकडे पाठवलं.

टाकी उथळ नव्हती.

छातीपर्यंत घाण. वर जाड साय, सायीवर झुरळं. एक मानेवरून कोटात शिरलं. आत वळवळत राहिलं.

मग श्वास ऐकू आला. त्याचा नव्हे. चिरलेल्या नळीतून येतो तसा, शिट्टी वाजत येणारा. अगदी मागून...

तो वळला. कोणी नव्हतं.

पाय घसरला. घाण हनुवटीपर्यंत आली. मग ओठांपर्यंत. त्याने एकेक नाव घेतलं. शांती. नीतिमत्त्व. विश्वास. तारण. सगळं अंगावर होतं आणि काहीच धरून ठेवत नव्हतं. शिट्टी कानाशी आली...

त्याने तोंडावरचा तोच चांगला मास्क काढला. अंधारात पुढे धरला.

"चांगला मी घेतला. चिरलेला तुला दिला. देवा, मी बहिणीशी खोटं बोललो."

शिट्टी थांबली.

मग कमरेला काहीतरी आवळलं गेलं...

शुद्ध आली तेव्हा तो टाकीच्या तोंडाशी पडला होता. नखशिखांत बरबटलेला. ड्रायव्हर शपथेवर सांगत होता, की मी तुला ओढलं नाही, केबिनला कुलूप आहे, किल्ली माझ्या खिशात आहे. आणि पाळकाच्या कमरेला पट्टा होता. स्वच्छ. कोरडा.

तो अंघोळही न करता पहाटे बहिणीच्या दारात गेला आणि सगळं सांगितलं. तिने नाकावर हात धरून ऐकलं.

"दादा, आत येऊ नकोस," ती म्हणाली. "वासामुळे नाही म्हणत मी."

ती दार लावणार, तेवढ्यात तिची नजर त्याच्या कमरेवर गेली. ती उंबऱ्यातच खाली बसली. पट्ट्याला दोराचा तुकडा लोंबत होता. गाठ उलटी होती.