मागून येणारं पाणी

"तंबू दोन, सर्फबोर्ड तीन आणि यशच्या पोटासाठी मुरुक्कू चकल्यांचे डबे चार!" देविकाने यादी वाचली.

"पाच!" तिचा धाकटा भाऊ ओरडला.

महेशकाकांची गाडी कोवळमच्या पुढे एका तमिळ कोळीवाड्याच्या किनाऱ्यावर थांबली. तिमाही परीक्षा संपली होती. आज जागा हेरायची आणि उद्या दोन दिवसांसाठी मुक्कामाला यायचं, असा बेत होता. देविका वर्षभर सर्फिंगची स्वप्नं पाहत होती. पण आईने बजावलं होतं, "जरा धोका दिसला, की सहल रद्द!"

जागा मात्र झकास! पुढे समुद्र, मागे खाडीचं संथ पाणी आणि मधे वाळूचा रुंद पट्टा.

"भरती येते ती तिथपर्यंत. तंबू तीस पावलं अलीकडे!" काका म्हणाले. "मालवणचा आहे मी. समुद्र मला शिकवू नका!"

"पण काका, या काठ्या कसल्या?" देविकाने विचारलं.

लाल चिंध्या बांधलेल्या काठ्यांची रांग खाडीपासून थेट समुद्रापर्यंत गेली होती.

"असेल पोरांचा खेळ. तंबूच्या दोऱ्या बांधायला बऱ्या!"

देविकाला ते पटेना. खाडीकाठची झुडपं कमरेपर्यंत बुडाली होती. एवढं पाणी आलं कुठून? आणि खाडी समुद्राला मिळत होती तरी कुठे?

सोबत आलेला श्रीवत्स आणि यश यांना घेऊन ती जवळच जाळं दुरुस्त करत बसलेल्या कामाक्षीअक्का नावाच्या कोळीणीकडे गेली. श्रीवत्स तिच्या वर्गातला, तंजावरी मराठी घरातला, पण तमिळ त्याच्या जिभेवर. अक्कांचं ऐकता ऐकता त्याचे डोळे विस्फारले.

"अय्यो! देविका, आपण खाडीच्या तोंडावरच उभे होतो! उन्हाळ्यात वाळू साचून ते बंद होतं. आता पावसाने खाडी तुंबलीय, पाणी वस्तीत शिरतंय. परवा पहाटे गावकरी त्या काठ्यांमधून चर खणणार. पाणी सुटलं, की सगळा पट्टा वाहून जातो!"

परवा पहाटे! म्हणजे ते सगळे तंबूत झोपलेले असताना!

"ताई, गप्प बस," यश कुजबुजला. "आईला कळलं तर सहल गेली!"

देविकाने एकदा समुद्रातल्या लाटांकडे पाहिलं. तरी ती काकांकडे धावली आणि तिने अक्कांचं म्हणणं सांगितलं.

"खाडी कधी बंद होते का?" काका हसले. "आमच्याकडची बारा महिने वाहते!"

"थांबा, दाखवतेच! यश, बादली आण!"

मुलांनी उतारावर वाळूचा बांध घातला, मागे पाच बादल्या पाणी भरलं आणि बांधावर काकांची चप्पल ठेवली.

"हा तुमचा तंबू!" म्हणत देविकाने बांधावर बोटाने बारीक रेघ ओढली. पाणी झिरपलं, रेघ रुंदावली, कडा ढासळल्या आणि चप्पल गडगडत खाली गेली!

"अरे, माझी चप्पल!" काका धावले. चप्पल हातात घेऊन ते खाडीकडे बघत राहिले. "मी पुढच्या पाण्याचाच विचार करत होतो गं."

देविकाने स्वतःच आईला फोन लावून सगळं सांगितलं.

"लपवलं असतंस तर सहल रद्द केली असती," आई म्हणाली. "आता दुसरी जागा शोध. तू हो म्हणालीस, तर माझंही हो."

कामाक्षीअक्कांनी उंचावरचं सुरूचं बन दाखवलं. तिसऱ्या दिवशी पहाटे तिथूनच सगळ्यांनी पाहिलं. फावडी थांबली, पाणी उसळलं आणि काकांनी मोजलेली ती तीस पावलं धडाधड समुद्रात कोसळली!

काकांनी देविकाच्या पाठीवर थाप मारली. "शाब्बास! बोला कप्तान, सर्फिंग कुठे करायचं?"

"या पाण्याच्या ओढीपासून लांब, दक्षिणेच्या किनाऱ्यावर," देविका म्हणाली. "आणि आधी अक्कांना विचारून!"